मस्तक, मोती आणि बांगडी : जुन्या साधनांतील अलंकार कसे वाचावेत? (थ्रेड)

१/
भाईंदर स्थानक सोडून लोकल खाडीच्या पुलावर येते, तेव्हा पश्चिमेला खाडीच्या मुखाशी वसईचा किल्ला असतो. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने तो पोर्तुगिजांकडून घेतला. त्या वेढ्यातील एक उद्गार महाराष्ट्रभर प्रसिद्ध आहे. किल्ला हाती येत नसेल तर आपले मस्तक तोफेत घालून उडवावे, म्हणजे निदान ते तरी आत पडेल, असा त्याचा आशय. हा उद्गार खरा की खोटा, यावर समाजमाध्यमांवर वाद रंगतात. त्याआधीचा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. हे विधान मुळात कोणत्या प्रकारचे आहे?

२/
आजच्या मीरा-भाईंदरची भूमी या मोहिमेच्या मधोमध होती. घोडबंदरचा किल्ला मराठ्यांनी १७३७ मध्ये घेतला. उत्तनकडे जाताना लागणारे धारावीचे ठाणे वसई खाडीच्या दक्षिण तीरावर असल्यामुळे खाडीच्या मुखावर त्याची नजर राही. ते हाती आल्याखेरीज वसईची समुद्राकडून होणारी रसद तोडणे अवघड होते. म्हणून त्यासाठीही निकराची झुंज झाली.

३/
आता त्या उद्गाराकडे. शाळेच्या व्याकरणात याला अतिशयोक्ती म्हणतात. तिच्यात प्रतिज्ञेचा साचाही मिसळलेला आहे. ‘हे साधले नाही तर प्राण देईन’ हा साचा महाभारतापासून ओळखीचा आहे. सूर्यास्तापूर्वी जयद्रथाचा वध झाला नाही तर अग्निप्रवेश करीन, ही अर्जुनाची प्रतिज्ञा त्याच घडणीची. हा साचा ओळखीचा असल्यामुळे वाक्याचा अर्थ ऐकणाऱ्याला तत्काळ कळे. शिर खरोखर तोफेत घालावे, असे कोणालाही वाटत नसे.

४/
मग हा उद्गार पुरावा कशाचा? वेढ्याच्या निकडीचा. पावसाळा तोंडावर आला होता. पाऊस लागला की मोर्चांत पाणी भरते, सुरुंगांची दारू भिजते, खाडीतून हालचाल करणे कठीण होते आणि वेढा उठवावा लागतो. दोन वर्षांच्या मोहिमेचे फळ काही दिवसांवर येऊन ठेपले होते. उद्गार शब्दशः झाला असो वा नसो, ही निकड खरी होती. ती एका वाक्यात साठवण्याचे काम अतिशयोक्तीने केले.

५/
येथे साधनांचा भेद ध्यानात घ्यावा. पत्र बहुधा घटनेच्या जवळ असते. बखर बहुधा नंतर, कोणाच्या तरी आज्ञेवरून वा कोणासाठी तरी रचली जाते. बखरकार आपल्या पात्रांच्या तोंडी भाषणे घालतो. हा दोष केवळ मराठीचा नव्हे. प्राचीन ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीस याने स्वतःच नमूद केले आहे की भाषणे शब्दशः स्मरणात ठेवणे अशक्य असल्याने त्या त्या प्रसंगी काय बोलणे उचित ठरले असते, त्यानुसार त्याने ती लिहिली.

६/
चिमाजी अप्पांचे पुत्र सदाशिवरावभाऊ. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर त्यांचा आणि पेशव्यांचे ज्येष्ठ पुत्र विश्वासराव यांचा अंत झाला. उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांच्या हाती सावकारांचे एक पत्र पडले, असे सांगतात. त्यात लढाईचे नावही नव्हते. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये आणि खुर्दा किती गेला त्याचा हिशेब लागत नाही, असा त्याचा सारांश. मोहरांचा आकडा निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळा आढळतो.

७/
हे रूपक आहे आणि त्याचे पहिले काम गुप्ततेचे होते. पत्र वाटेत कोणाच्या हाती लागले तरी व्यापारातील तोट्याची नोंद वाटावी. पण रूपक लिहिणाऱ्याची दृष्टीही उघड करते. मोती म्हणजे पेशव्यांच्या घरचे दोघे, मोहरा म्हणजे नामांकित सरदार, रुपये आणि तांबे म्हणजे बाकी सारे. मोती मोजले, मोहरा मोजल्या, खुर्दा मोजला नाही. सामान्य शिपायाचे त्या जगातले मोल या एका रूपकात उतरले आहे. लिहिणाऱ्याला हे सांगायचे नव्हते, म्हणूनच ती साक्ष अधिक मोलाची.

८/
याच लढाईविषयी लोकांच्या तोंडी दुसरे वाक्य राहिले: सव्वा लाख बांगडी फुटली. येथे लक्षणा आहे. शब्दाचा सरळ अर्थ बाजूला सारून त्याच्याशी जोडलेला अर्थ घ्यावयाचा. ‘अख्खे भाईंदर सकाळी लोकलच्या दारात उभे असते’ या वाक्यात ‘भाईंदर’ म्हणजे तेथील माणसे, तसेच ‘बांगडी’ म्हणजे ती घालणारी आणि आता विधवा झालेली स्त्री.

९/
‘सव्वा लाख’ हा आकडा मृतांची मोजणी म्हणून वापरणे धोक्याचे आहे. सव्वा रुपयाची दक्षिणा, सत्यनारायणाच्या प्रसादाचे सव्वा मापाचे प्रमाण, ‘शेरास सव्वाशेर’ ही म्हण, या सर्वांतला सव्वा गणिताचा नव्हे. पूर्ण भरून वर थोडे अधिक, असा त्याचा भाव. म्हणून ‘सव्वा लाख’ म्हणजे मोजता येणार नाही इतके. लढाईतील हानीचा अंदाज घ्यायचा तर तो फौजांच्या याद्या, पत्रे आणि प्रत्यक्षदर्शींच्या हकिकती ताडून घ्यावा लागतो.

१०/
सावकारांच्या पत्राशेजारी हे वाक्य ठेवून पाहावे. पत्राने ज्यांचा हिशेब सोडून दिला, त्यांच्याच घरांतून हे वाक्य निघाले आहे. बांगडीला मोती आणि तांबे असा भेद नाही. फुटलेली प्रत्येक बांगडी एकच. पहिले वाक्य राज्याचे नुकसान सांगते, दुसरे घरांचे. इतिहासाच्या अभ्यासकाला दोन्ही हवीत.

११/
हा अलंकार निव्वळ शब्दांचा खेळ नव्हता. सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाई यांनी पतीचा मृत्यू मान्य केला नाही आणि वैधव्याची चिन्हे धारण केली नाहीत. पुढे भाऊसाहेबांचा तोतयाही उभा राहिला आणि त्याने पेशवाईत मोठी खळबळ माजवली. मोती ‘गळाला’ या शब्दात जी संदिग्धता होती, तिचा भार एका स्त्रीने आयुष्यभर वाहिला.

१२/
पानिपताने भाषेला श्लेषही दिला. ‘विश्वास पानिपतात गेला’ असे म्हणताना विश्वासराव हे नाव आणि विश्वास हा भाव एकाच शब्दात येतात. १४ जानेवारीच्या या घटनेशी मराठी मनाने संक्रांतही जोडली. ‘संक्रांत ओढवणे’ हा वाक्प्रचार ऐकताना अनेकांना आजही पानिपत आठवते. घटना विसरली जाते तेव्हाही वाक्प्रचार टिकून राहतात.

१३/
पत्रव्यवहारातील ठरीव वाक्येही ओळखायला हवीत. ‘बहुत काय लिहिणे’ हा पत्राच्या समाप्तीचा संकेत आहे. त्यावरून लिहिणारा काही दडवतो आहे, असा निष्कर्ष काढू नये. विजयाचे श्रेय स्वामींच्या पुण्यप्रतापास देणे हा शिष्टाचार. युद्धात मेलेल्याविषयी ‘कामास आला’ वा ‘देवाज्ञा झाली’ असे लिहिणे ही पर्यायोक्ती. संकेत कुठे पाळला हे महत्त्वाचे नाही. तो कुठे मोडला, हे मात्र शोधावे. ठरीव शब्द सोडून लेखक वेगळे काही लिहितो, तेथे बहुधा त्याचे मन हललेले असते.

१४/
पुन्हा या परिसरात. उत्तर कोकणाचा वृत्तान्त सांगणारी ‘महिकावतीची बखर’ वि. का. राजवाडे यांनी १९२४ मध्ये संपादून प्रसिद्ध केली. तिच्यात मालाडच्या नायकोरावाला देवी स्वप्नात येऊन महाराष्ट्रधर्म सांगण्याची आज्ञा करते, असा प्रसंग आहे. मालाड मीरा रोडपासून फार दूर नाही. स्वप्न पडले की नाही, हे तपासण्याचे साधन कोणाजवळ नाही. पण स्वप्नदृष्टान्त ही ग्रंथाला अधिकार मिळवून देण्याची जुनी रीत आहे. लेखकाला देवीची साक्ष का आवश्यक वाटली, हा प्रश्न मात्र विचारता येतो. त्याच्या उत्तरात त्या काळच्या कोकणातील अस्थिरता दिसू लागते.

१५/
कोणतेही प्रसिद्ध वाक्य पुढे धाडण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत.
• वाक्य पत्रातले, बखरीतले की लोकांच्या तोंडचे?
• घटनेनंतर किती काळाने लिहिले?
• त्यात कोणता अलंकार वा ठरीव साचा आहे?
• अलंकार बाजूला केल्यावर काय उरते, आणि अलंकार स्वतः काय सांगतो?

१६/
चूक दोन्ही बाजूंनी होते. एक पक्ष अतिशयोक्तीभोवती अवतरणचिन्हे घालून ती जशीच्या तशी भिंतीवर लावतो. दुसरा पक्ष ती शब्दशः सिद्ध होत नाही म्हणून सारी बखरच केराच्या टोपलीत टाकतो. पहिल्याच्या हाती चुकीचे आकडे लागतात. दुसऱ्याच्या हातून त्या माणसांची भीती, ईर्ष्या आणि शोक निसटतात. हे दुसरे नुकसान अधिक मोठे, कारण फौजेची संख्या इतर साधनांतून मिळू शकते. खुर्द्यात मोजल्या गेलेल्या शिपायाच्या घरचा शोक बांगडीच्या त्या एका वाक्याखेरीज फारसा कुठे नोंदलेला नाही.

१७/
घोडबंदर, धारावी, वसई आणि अर्नाळा या पट्ट्यातील गावांत या मोहिमेच्या कथा, म्हणी आणि स्थळनामे आजही ऐकू येतात. आपल्या घरी वा गावी ऐकलेले असे एखादे वाक्य वाचकांनी खाली नोंदवावे. सोबत ते कोणाकडून ऐकले आणि त्यात कोणता अलंकार दिसतो, हेही लिहावे.

(थ्रेड समाप्त)