कापूर, माशाचे खवले आणि एक पिवळा पडलेला ड्रमसेट

९ फेब्रुवारी १९६४ च्या रात्री अमेरिकेत साधारण सात कोटी तीस लाख लोक टीव्हीसमोर बसले होते. ‘एड सलिवन शो’मध्ये बीटल्स वाजवणार होते. तिघं पुढे उभे, आणि मागे उंच चौथऱ्यावर रिंगो स्टार. त्याच्या बास ड्रमवर दोन नावं होती: मोठ्या अक्षरांत बँडचं आणि वर छोट्या अक्षरांत ‘ल्युडविग’. त्या रात्रीच्या संगीतावर पुस्तकंच्या पुस्तकं लिहिली गेली आहेत. मला लिहायचंय ते त्या ड्रमवरच्या अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या आवरणाबद्दल. ड्रमवाले त्याला ‘रॅप’ म्हणतात. आपल्या सुतारांच्या भाषेत सांगायचं तर ड्रमची सनमायका.

हे आवरण नसतं तर ते दुसरं नावही बहुधा तिथे नसतं. १९६३ मध्ये रिंगो लंडनच्या ‘ड्रम सिटी’ या दुकानात नवा सेट घ्यायला गेला. दुकानाचे मालक आयव्हर आर्बिटर यांच्या सांगण्यानुसार त्याला आधी आवडला तो रंग. काळ्या-करड्या-पांढऱ्या लाटांचा, शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखा चमकणारा ‘ऑयस्टर ब्लॅक पर्ल’. तो रंग ल्युडविगचा होता, म्हणून सेट ल्युडविगचा झाला. शिकागोतली ही कंपनी १९०९ पासून ड्रमच्या धंद्यात होती. पण त्या एका रात्रीनंतर अमेरिकेतल्या पोरांना ड्रम म्हणजे ल्युडविगच हवा झाला. आवाज ऐकून नव्हे, टीव्हीवर बघून.

मी या सगळ्यात पडलो, कारण माझ्या बांद्र्याच्या मित्राच्या आजोबांचा ड्रमसेट गेल्या वर्षी माझ्या घरी आला. मूळ गोव्याचे, मुंबईत लग्नांत आणि क्लबांत वाजवत आयुष्य काढलेले. सेटवर कंपनीचा बिल्ला नाही. २० इंची बास, १२ आणि १४ इंची टॉम, आणि एके काळी पांढरं असलेलं मोतिया आवरण, आता चहाच्या डागासारखं पिवळं. मित्राच्या बहिणीचं लग्न होतं. आँटींचं म्हणणं सरळ होतं: “ते घाणेरडं पिवळं काढून टाक, नवीन लाव.” मित्राचं म्हणणंही तेवढंच सरळ: “आजोबांचं आहे, हात लावू नकोस.” मी दिवसा ऑफिसात इतरांनी लिहिलेला जुना कोड सांभाळतो, त्यामुळे हे भांडण माझ्या ओळखीचं होतं. अशा वेळी काहीही पुसण्याआधी ते तिथे का आहे हे शोधायचं असतं.

कापराचा वास

पहिला धागा नाकाने दिला. आवरणाच्या कडेवर अंगठा जोरात घासला की कापराचा वास येतो. आरतीच्या ताटातला, तोच. याचा अर्थ ते सेल्युलॉइड आहे.

सेल्युलॉइड म्हणजे नायट्रिक आम्लाची प्रक्रिया केलेला कापूस आणि कापूर. अमेरिकेत जॉन वेस्ली हायट याने १८६९-७० च्या सुमारास ते तयार केलं. बिलियर्डच्या चेंडूंसाठी हत्तीचे दात लागत, त्याला पर्याय हवा होता. कापसाने कठीणपणा दिला, कापराने लवचीकपणा. मग कंगवे, चष्म्याच्या फ्रेमा, बाहुल्या, फाउंटन पेनं, शर्टाच्या कॉलर आणि सिनेमाची फिल्म, सगळं त्याचं होऊ लागलं. महागड्या वस्तूची स्वस्त नक्कल, हाच या पदार्थाचा जन्मापासूनचा धंदा.

पण स्वस्त कोणासाठी? कापूर तेव्हा झाडातून यायचा, आणि त्या झाडांची मोठी जंगलं तैवानच्या डोंगरांत होती. जपानने बेट ताब्यात घेतल्यावर १८९९ मध्ये तिथल्या कापराची सरकारी मक्तेदारी सुरू केली. जंगलात राहणाऱ्या आदिवासींच्या जमिनींवर १९१० च्या दशकात लष्करी मोहिमा निघाल्या. त्यामागच्या कारणांपैकी कापूर हे एक मोठं कारण होतं. पुढे टर्पेंटाइनपासून कृत्रिम कापूर बनू लागला आणि ही भूक कमी झाली. पण ड्रमच्या चमकत्या कातडीखाली एवढा भूगोल असतो, हे मला ठाऊक नव्हतं.

मोती कुठून आला?

सेल्युलॉइडला मोत्याची झाक आणली ती माशांनी. काही माशांच्या खवल्यांत ग्वानिनचे चपटे, सूक्ष्म स्फटिक असतात. प्रकाश त्यांच्यावरून आरशासारखा परततो. सतराव्या शतकात पॅरिसमधल्या जपमाळा बनवणाऱ्या कारागिराने खवल्यांचं हे सत्त्व काढून काचेचे मणी मोत्यासारखे केले. विसाव्या शतकात तेच सत्त्व सेल्युलॉइडमध्ये मिसळलं जाऊ लागलं. मग त्याचा ठोकळा बनवायचा, त्यातून पातळ पत्रे तासायचे आणि ते वाळत ठेवायचे.

त्याआधी ड्रम एक तर लाकडी रंगाचे असत, नाहीतर रंगवलेले. लष्करी ड्रमवर पलटणीची चिन्हं रंगवलेली असत. १९२० च्या दशकात जॅझ हॉटेलांच्या नृत्यगृहांत शिरला आणि ड्रमवाला बघण्याची वस्तू झाला. बास ड्रमच्या आत बल्ब लावून पुढच्या पानावरचं चित्र उजळवत. त्या उबेने कातडंही कोरडं राहायचं, म्हणजे दुहेरी फायदा. याच दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकन कंपन्यांनी ड्रमवर मोतिया आवरणं गुंडाळायला सुरुवात केली.

यात सौंदर्याइतकाच हिशेबही होता. उघडं लाकूड दाखवायचं तर वरचा थर निवडक हवा, सांधे साफ हवेत, पॉलिशला दिवस हवेत. आवरण चिकटवलं की खालचं खोड कसं आहे ते कुणी विचारत नाही. १९३० च्या दशकात जीन क्रुपाने बेनी गुडमनच्या बँडमध्ये पांढऱ्या मोतिया स्लिंगरलँड ड्रमवर धुमाकूळ घातला. १६ जानेवारी १९३८ ला हा बँड न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये वाजला, आणि मागे बसून ताल धरणारा माणूस स्टार होऊ शकतो हे पक्कं झालं. पांढरा ड्रम अंधाऱ्या सभागृहात शेवटच्या रांगेतूनही दिसतो.

हे वारं मुंबईलाही लागलं. १९३५ मध्ये लिऑन ॲबीचा आफ्रिकन-अमेरिकन बँड ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला. चिक चॉकलेटसारखे गोव्याचे वादक हे संगीत आत्मसात करून हॉटेलांतून हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात गेले. मित्राच्या आजोबांसारखे कितीतरी जण मात्र कुठल्याच तबकडीच्या वेष्टनावर नाव न येता संध्याकाळी सूट चढवून कामाला जात. स्टेजवर चमकणं हा त्यांच्या नोकरीचाच भाग होता.

सोलण्याची फॅशन

साठचं दशक संपता संपता वारं फिरलं. चमक खोटी वाटू लागली, लाकूड खरं. १९६८ मध्ये जॉन लेनन आणि जॉर्ज हॅरिसन यांनी आपल्या गिटारींचा रंग खरवडून काढला. रिंगोचा नवा ल्युडविगही साध्या मेपल रंगाचा आला. मग अनेकांनी आपल्या ड्रमची मोतिया कातडी सोलून टाकली. लाकूड ‘मोकळं’ होतं, अशी समजूत होती. आज उलटी गंमत आहे. संग्राहक मूळ आवरणासाठीच पैसे मोजतात. रिंगोचा पहिला ऑयस्टर ब्लॅक पर्ल सेट २०१५ मध्ये २० लाख डॉलरहून अधिक किमतीला गेला.

म्हणजे प्रत्येक पिढीने ‘खरं’ म्हणून वेगळाच थर निवडला.

काय काढलं, काय ठेवलं

आता आमच्या सेटकडे येऊ. लग, म्हणजे कातडं ताणणारे बोल्ट ज्यात जातात ते धातूचे तुकडे, उघडले तेव्हा त्यांच्याखाली आवरण अजून पांढरं होतं. ऊन आणि सिगारेटचा धूर तिथे पोचला नव्हता. तेवढ्या लांबट चौकटींत आजोबांच्या पहिल्या दिवसाचा ड्रम शिल्लक होता.

दोन्ही टॉम्सचं आवरण पिवळं, पण घट्ट होतं. बासची गोष्ट वेगळी. कापूर वर्षानुवर्षं उडत राहतो, पत्रा आक्रसतो, सांध्याला फट पडते. बासवर ती फट बोटभर झाली होती आणि कडेने तुकडे पडत होते. कुजणाऱ्या सेल्युलॉइडमधून आम्लधर्मी वायू निघतो, शेजारचा धातू गंजतो. हे नुसतं वय नव्हतं, आजार होता. ठरलं: टॉम्सना हात लावायचा नाही, बासचं आवरण बदलायचं.

यूट्यूबवर बरेच जण जुना रॅप हीट गनने काढतात. सेल्युलॉइडवर मी ते करणार नव्हतो. जुन्या सिनेमांची नायट्रेट फिल्म याच कुळातली. २००३ मध्ये पुण्यात फिल्म संग्रहालयाच्या तिजोरीला लागलेल्या आगीत अशीच रिळं जळाली. मी पुट्टीच्या बोथट पात्याने, उष्णता न देता, दोन रविवार घालवले.

नवं आवरण प्लास्टिकचंच, पांढरं मोतिया. २० गुणिले पाय म्हणजे ६२.८ इंच, वर एक इंच एकावर एक चढायला. पण माप कागदावर नाही, फीत ड्रमभोवती गुंडाळून घ्यायचं. जुनं खोड पूर्ण गोल नसतं. गोंद सुतार सनमायकाला वापरतात तोच, सिंथेटिक रबरचा. दोन्ही बाजूंना लावायचा, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबायचं आणि मग एकदाच टेकवायचं. टेकलं की सरकत नाही. म्हणून एक जण रोल धरतो, दुसरा मधून कडेकडे दाबत जातो. रोल मित्राने धरला. सांधा खाली, प्रेक्षकांना न दिसणाऱ्या बाजूला. कडेला थोडी जागा मोकळी, म्हणजे कातडं लाकडावर नीट बसेल. शेवटी भोकं आतून टोच्याने खुणावून हळूहळू मोठी केली.

लग्नात सेट दोनरंगी दिसला: पांढरा बास, पिवळे टॉम. आँटी म्हणाल्या, “अर्धंच काम केलंस.” त्यांचंही बरोबर. आजोबा असते तर त्यांनी बहुधा तिन्ही बदलून घेतले असते. ते चमकण्याचे पैसे घेत होते, इतिहास जपण्याचे नाही.

पण जुन्या आवरणाची लगखालची पांढरी चौकट मी कापून ठेवली आणि बास ड्रमच्या आत पेन्सिलीने तारीख, काय काढलं आणि कोणता गोंद लावला ते लिहिलं. जुन्या कारखान्यांतही खोडाच्या आत तारखेचे शिक्के मारत. बाहेरची कातडी प्रत्येक पिढी आपल्या हौसेने बदलणारच. पन्नास वर्षांनी कुणीतरी हेही आवरण सोलेल. तेव्हा त्याला कापराचा वास येणार नाही, पण आत डोकावलं तर तो कुठे गेला ते कळेल.