दोन नांवांची बेरीज

नांदेड-लातूरच्या मुलखांत खेळ म्हटला कीं आधीं कुस्ती आठवते. आखाड्यांत मल्ल एकटा उतरतो आणि जय-पराजयहि त्याच्या एकट्याच्याच पदरीं पडतो. टेनिसच्या दुहेरीचा न्याय निराळा. मोठ्या स्पर्धांत खेळापूर्वींच दोघींच्या क्रमांकांची बेरीज होते आणि जिची बेरीज लहान त्या जोडीला प्रवेश मिळतो. म्हणजे अर्धा अधिकार आपला, अर्धा सोबतिणीचा! ज्यांची बेरीज मोठी, त्यांच्यासाठीं एक दार मोकळें असे. त्याचें नांव पात्रता-फेरी.

इंग्लंडांतील विम्बल्डनच्या स्पर्धेंत स्त्रियांच्या दुहेरीला अजिंक्यपदाचा मान १९१३ सालीं मिळाला. खेळाडूंची गर्दी वाढली, तेव्हां १९२५ पासून रोहॅम्प्टन येथें पात्रतेचे सामने होऊं लागले. अलीकडच्या काळांत दुहेरीसाठीं स्त्रियांच्या १६ जोड्या तेथें उतरत. दोन सामने जिंकणाऱ्या ४ जोड्यांना ६४ जोड्यांच्या मुख्य स्पर्धेंत जागा मिळे. नांव लहान असलें तरी चाले. खेळ मात्र मोठा लागे.

विम्बल्डनच्या हिरवळीवर महाराष्ट्रकन्येचें पाऊल फार पूर्वीं पडलें. संस्कृत कवयित्री पंडिता क्षमा राव यांच्या कन्या लीला राव यांनीं १९३४ सालीं तेथें एकेरींत पहिल्या फेरीचा सामना जिंकला. असा विजय मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री होत. परंतु लीलाबाई मुंबईच्या, विद्वानांच्या घरांत वाढलेल्या. आपल्या बाजूच्या लहान गांवाचें नांव जगाच्या मैदानावर ऐकूं येण्यास त्यानंतर ऐंशी वर्षें लागलीं.

लातूरचा बार्शीशीं संबंध जुना. १९११ सालीं बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी लातूरपर्यंत पोंचली. त्या बार्शीची प्रार्थना ठोंबरे टेनिसचें पुढील शिक्षण घेण्यास हैदराबादेस, सानिया मिर्झाच्या अकादमींत गेली. १९५६ पर्यंत हैदराबाद हीच नांदेड-लातूरचीहि राजधानी होती. २०१४ सालीं इंचिऑनच्या आशियाई सामन्यांत सानिया आणि प्रार्थना यांनीं दुहेरीचें कांस्यपदक मिळविलें.

२०१६ सालीं दोघी रिओच्या ऑलिंपिकला गेल्या. तेथें पात्रता-फेरी नव्हती. जगांतील पहिल्या दहा दुहेरी खेळाडूंना पहिल्या तीनशेंतील सोबतीण निवडण्याची मुभा होती, आणि सानिया तेव्हां पहिली होती. प्रार्थनेला दार उघडलें तें सानियाच्या क्रमांकामुळें. पण दाराच्या आंत क्रमांक खेळत नाहींत. पेंग श्वाई आणि झांग श्वाई या चिनी जोडीशीं सामना ६-७, ७-५, ५-७ असा अखेरपर्यंत रंगला. हार झाली, पण धाकटें नांव हलकें ठरलें नाहीं.

आज विम्बल्डनला दुहेरीची पात्रता-फेरी भरत नाहीं. उद्यां नांदेडची एखादी मुलगी लातूरच्या मैत्रिणीला घेऊन निघाली, तर दोन सामने जिंकून आंत शिरण्याची सोय तिला उरलेली नाहीं. थोर सोबतिणीचा आधार सर्वांनाच कोठून मिळावा? लहान लहान स्पर्धांतून गुण जमवीत दोघींनीं मिळूनच ती बेरीज खालीं आणावी लागेल. वाट लांबची आहे. ती चालावयाची तर जोडी लवकर जमावी आणि पुष्कळ दिवस टिकावी, हें बरें.