दोन दारे, एक रुग्ण

मद्यपानाचा इतिहास आपल्याकडे बहुधा दोन ठिकाणी लिहिला गेला: अबकारीच्या हिशेबवह्यांत आणि नीतीच्या ग्रंथांत. त्याचा तिसरा अध्याय उपचारांचा आहे. तो आज मला आपल्यापुढे थोडक्यात मांडावयाचा आहे.

या अध्यायात आरंभापासूनच दोन प्रवाह वेगळे वाहत आले. पहिला यकृताचा. १८१९ साली फ्रेंच वैद्य लाएनेक यांनी कठीण व गाठाळ झालेल्या यकृताच्या विकारास ‘सिरोसिस’ हे नाव दिले. हे यकृत मद्यप्याच्या कुपोषणामुळे बिघडते, असा समज पुढे दीर्घकाळ होता. आहार पुरेसा असला तरी मद्य स्वतःच यकृतास विषारी ठरते, हे चार्ल्स लीबर यांनी १९६० व १९७० च्या दशकांतील संशोधनाने दाखवून दिले.

दुसरा प्रवाह व्यसनाचा. १९३५ साली अमेरिकेत ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’चा जन्म झाला. १९४८ साली कोपनहेगनच्या हाल्ड व याकोबसेन यांनी डायसल्फिरॅम हे औषध पुढे आणले. महाराष्ट्रात १९८६ साली डॉ. अनिता अवचट यांनी पुण्याच्या येरवडा येथे ‘मुक्तांगण’ उभे केले. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांचे साहाय्य त्यास लाभले. व्यसनी मनुष्य गुन्हेगार नसून रुग्ण आहे, ही जाणीव मराठी समाजात रुजविण्याचे मोठे श्रेय या संस्थेस द्यावे लागेल.

तिसरी शक्ती स्त्रियांची. नेल्लोर जिल्ह्यातील दुबगुंटा गावातून १९९२ साली उसळलेल्या चळवळीने आंध्रात १९९३ साली अरकबंदी आणि १९९५ साली संपूर्ण दारूबंदी घडविली. ती १९९७ मध्ये उठली. मंचेरियलच्या पूर्वेस, प्राणहितेच्या पलीकडील गडचिरोली जिल्ह्यातही लोकचळवळीतून १९९३ साली दारूबंदी आली. या स्त्रियांचे ऋण थोर आहे. परंतु दुकान बंद झाल्याने सुजलेले यकृत बरे होत नाही, आणि शरीरास जडलेली ओढही एका हुकुमाने सुटत नाही.

येथेच खरा प्रश्न उभा राहतो. पोटात पाणी झालेला मनुष्य यकृताच्या डॉक्टरांकडे जातो. तेथे पाणी काढतात, ‘दारू सोडा’ असे बजावतात आणि घरी पाठवितात. तोच मनुष्य व्यसनमुक्तीच्या दारी गेला, तर यकृताची तपासणी होईलच असे नाही. डायसल्फिरॅम यकृतास इजा करू शकते, आणि दारू तोडताना द्यावयाची काही गुंगीची औषधे क्षीण यकृतास पेलत नाहीत. उलट, नेहमीची दारू कोणाच्याही देखरेखीविना एकाएकी थांबविली, तर झटके व भ्रम येऊन प्राणावर बेतू शकते. एका रुग्णासाठी दोन दारे असली की त्या दोहोंमधील अंगणातच तो पडतो.

ही दारे एकत्र आणता येतात, याची साक्ष मिळू लागली आहे. २००७ साली इटलीतील अॅडोलोराटो आणि सहकाऱ्यांनी सिरोसिस झालेल्या ८४ मद्यासक्त रुग्णांवर बॅक्लोफेनचा प्रयोग प्रसिद्ध केला. औषध घेणाऱ्यांपैकी ७१ टक्के दारूपासून दूर राहिले; नुसती बनावट गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण २९ टक्के होते. यकृतावर चरबी साठण्याची पहिली पायरी दारू सुटल्यावर बहुधा मागे फिरते. सिरोसिस झाल्यावरही सोडण्याने आयुष्य वाढते. म्हणून व्यसनाचा उपचार हाच यकृताचाही पहिला उपचार होय.

मंचेरियल येथे २०२२ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. अशा ठिकाणी यकृताचा वैद्य, मनोविकाराचा वैद्य आणि समुपदेशक यांनी एका छपराखाली, एकाच कागदावर रुग्णाची नोंद ठेवावी, एवढीच माझी विनंती आहे. खाणीवरून वा शेतावरून येणारा रुग्ण दोनदा रोजगार बुडवून दोन ठिकाणी जाऊ शकत नाही. त्याच्यासोबत आलेली त्याची पत्नी तर मुळीच नाही. आपल्या विद्यार्थ्यांपैकी जे उद्या वैद्य होतील, त्यांनी त्या पत्नीने एकच दार ठोठवावे आणि ते उघडावे, एवढी व्यवस्था केली, तर या अध्यायाचे पुढील पान आपल्याच गावी लिहिले जाईल.