दशावतार (हेवी मेटल अल्बम)

दशावतार : मुंबईच्या ‘डेमॉनिक रेझरेक्शन’ या बँडचा २०१७ साली प्रसिद्ध झालेला अल्बम. यात विष्णूच्या दहा अवतारांवर दहा गाणी असून मत्स्यापासून कल्कीपर्यंतचा नेहमीचा क्रम पाळला आहे. गाण्यांचे शब्द इंग्रजी आहेत. गायन व गिटार साहिल मखीजा, मुख्य गिटार निशिथ हेगडे, बास अश्विन श्रीयान आणि ड्रम्स वीरेंद्र कैथ यांचे.

मखीजा यांनी २००० साली हा बँड उभा केला. ‘अ डार्कनेस डिसेंड्स’ (२००५) आणि ‘द रिटर्न टू डार्कनेस’ (२०१०) हे त्याचे आधीचे अल्बम. त्यांतले अंधाराचे जग बँडने स्वतः रचलेले होते. ‘द डीमन किंग’ (२०१४) मधला राक्षसराजाही कल्पनेतलाच. २०१० साली बँडला ‘मेटल हॅमर’ या ब्रिटिश मासिकाचा पुरस्कार मिळाला, २०१४ मध्ये जर्मनीच्या वाकेन महोत्सवात वादन झाले. एवढी वाट चालून झाल्यावर बँड पुराणांकडे वळला. परदेशी श्रोत्यांना अवतारांची कथा नवी होती, इथल्यांना घरची.

डेथ आणि ब्लॅक मेटल या शैलींचा सारा भार गिटारवर असतो. तारा नेहमीपेक्षा खाली उतरवून लावतात. तळहाताची कड ब्रिजपाशी तारांवर टेकवून छेडले की सूर दबतो आणि ठोक्यासारखा उमटतो. डिस्टॉर्शनमुळे तोच सूर खरबरीत व भरदार होतो. या शैलीला जवळचे असलेले काही स्वरसमूह आपल्याकडे फार जुने आहेत. मेटलवाले ज्याला फ्रिजियन म्हणतात तो भैरवी थाट. त्यातला कोमल गंधार शुद्ध केला, की बसंत मुखारीचे स्वर हाती येतात. म्हणून अशा गिटारशेजारी रागदारीचे वळण आले तरी ते वरून चिकटवल्यासारखे वाटत नाही. ‘दशावतार’मधले भारतीय रंग कानाला पटतात, त्यामागे हेही एक कारण मानावे लागेल.

ग्राउल, म्हणजे घशातून घुमवलेला गुरगुरता आवाज, पहिल्यांदा ऐकणाऱ्याला शब्द कळू देत नाही. मेटलपासून लोक दूर राहतात ते बहुतेक इथेच. या अल्बममध्ये ही अडचण बरीच हलकी होते, कारण गोष्ट आधीच ठाऊक असते. खांब फुटणार, वामन तिसरे पाऊल बळीच्या मस्तकावर ठेवणार, हे माहीत असलेला श्रोता शब्दांमागे धावत नाही. त्याचे लक्ष गिटारकडे आणि ड्रम्सच्या गतीकडे जाते. सिंधुदुर्गात व गोव्यात जत्रेच्या रात्री दशावतारी नाटक बघणाऱ्यांचेही असेच असते. लिखित संहिता नसते, संवाद पात्रे आयत्या वेळी रचतात, पण आख्यान सर्वांना पाठ असते. म्हणून कान पखवाज-झांजेकडे असतात आणि डोळे राजा पदन्यास कसा करतो याकडे. दोन्हींचा एकमेकांशी थेट संबंध नाही. श्रोत्याची रीत मात्र एकच आहे.

नरसिंह, परशुराम आणि कल्की या उग्र रूपांना ग्राउलचा आवाज सहज शोभतो. तो राम, कृष्ण आणि बुद्ध यांच्यासाठी वापरणे अवघड होते. अल्बममधला खरा प्रयोग तिथेच आहे. मखीजा ग्राउलसोबत स्वच्छ, सुरेल गायनही करतात, त्याचा मोठा आधार या ठिकाणी लागतो.

मेटलच्या मैफली मुंबई, पुण्यासारख्या शहरांपलीकडे क्वचितच जातात. पुणे–सातारा महामार्गावरच्या किकवीसारख्या गावातल्या तरुणाने हे संगीत ऐकायचे ते मोबाइलवर, हेडफोन लावून. तसे ऐकताना गिटारचे दोन थर डाव्या-उजव्या कानात वेगळे होतात. हा अल्बम तसा एकट्याने, पहिल्या गाण्यापासून क्रमाने ऐकावा.

नववे गाणे बुद्धावर आहे. महाराष्ट्रात नवव्या अवताराच्या जागी पुष्कळदा विठ्ठल दाखवतात; जुन्या पंचांगांवरच्या चित्रांत कटेवर हात ठेवलेली ती मूर्ती आढळते. बँडने यादी घेतली ती बुद्धाची.