अक्षरांची ओढाताण

पुस्तकाचें किंवा वर्तमानपत्राचें पान हल्लीं संगणकाच्या पडद्यावर रचलें जातें, हें वाचकांस ठाऊक आहेच. त्या पडद्यावर एखादा शब्द किंवा चित्र निवडलें कीं त्याच्या चौकटीवर आठ बारीक ठिपके उमटतात. त्यांतला एक ठिपका धरून ओढला कीं वस्तु वाढते. दुसरा ओढला कीं ती नुसती रुंद किंवा नुसती उंच होते. फिरविली तर फिरते, तिरपी केली तर तिरपी होते. काम एका निमिषाचें. परंतु त्या निमिषामागें तीनशें वर्षांहून अधिक काळाचा इतिहास उभा आहे, आणि त्या काळांत मुद्रणकलेनें जसें पुष्कळ मिळविलें तसें कांहीं गमावलेंही. आम्हांस येथें मुख्यत्वें गमावलेल्या गोष्टीविषयीं लिहावयाचें आहे. मिळविलेल्या गोष्टीची जाहिरात करणारे पुष्कळ आहेत.

जोंपर्यंत अक्षर धातूचें होतें तोंपर्यंत तें ओढतां येत नसे. कारागीर पोलादी सळईच्या टोकावर उलटें अक्षर कोरी, तो ठसा तांब्यांत ठोकून मातृका तयार करी, आणि मातृकेंत शिशाच्या मिश्रधातूचा रस ओतून खिळा पाडी. एका आकाराचा ठसा दुसऱ्या आकारास निरुपयोगी. म्हणून एकच वळण सहा आकारांत हवें असल्यास तें सहा वेळां कोरावें लागे. हा खटाटोप पाहून आजच्या मनुष्यास त्या कारागिरांची कींव येईल. ती येऊं नये. कारण सहा वेळां कोरतांना तो सहा वेळां विचार करी. बारीक अक्षरांत तो नाजूक रेघा किंचित् जाड ठेवी, अक्षर थोडें रुंद करी, पोटांतल्या पोकळ्या अधिक उघड्या ठेवी. मोठ्या अक्षरांत त्याच रेघा निर्धास्तपणें बारीक करी. शाई कागदावर पसरते आणि डोळा लहान वस्तु मोठ्या वस्तूसारखी पाहत नाहीं, या दोन गोष्टी त्याच्या बोटांना ठाऊक होत्या. लहान अक्षर म्हणजे मोठ्या अक्षराचें आंखडलेलें रूप नव्हे, तर तें निराळें अक्षर आहे, हा त्या धंद्यांतला अलिखित नियम होता.

या नियमाला पहिला धक्का कारागिरानें दिला नाहीं. तो पंडितांनीं दिला. सतराव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या राजवटींत आबे बिन्यों यांच्या नेतृत्वाखालीं एक मंडळ हस्तकलांचा अभ्यास करावयास बसलें. त्यांत झोझों, दे बिलेत आणि सेबास्तिआं त्रुशे नांवाचा कार्मेली पंथाचा साधु असे तिघे होते. राजाच्या छापखान्याकरितां नवें अक्षर हवें होतें. या मंडळींनीं चौरसाचे ६४ भाग केले, प्रत्येकाचे पुन्हां ३६ केले, आणि अशा २३०४ घरांच्या जाळ्यावर पट्टी व कंपास घेऊन अक्षरें बसविलीं. आमच्या विषयाच्या दृष्टीनें खरी नवलाची गोष्ट पुढेंच आहे. इटालिक म्हणजे तिरप्या अक्षरांकरितां त्यांनीं निराळें हस्तवळण शोधलें नाहीं. त्यांनीं जाळेंच तिरपें केलें, आणि चौरसांचे समांतरभुज चौकोन होतांच त्यांतलीं अक्षरेंही आपोआप कललीं. आज एका आज्ञेसरशीं जें घडतें तें या मंडळींनीं तेव्हांच ताम्रपटावर करून दाखविलें होतें. हाच त्रुशे पुढें १७०४ मध्यें कर्णावर दोन रंगांत विभागलेल्या चौकोनी फरशीच्या मागें लागला. अशा दोन फरश्या फिरवून एकीशेजारीं एक मांडल्यास ६४ जोड्या होतात, आणि त्यांतल्या खरोखर भिन्न अशा केवळ १० उरतात, हें त्यानें मोजून दाखविलें. वस्तु फिरविण्याचा छंद माणसास फार जुना आहे!

परंतु हीं आराखड्यांतलीं अक्षरें पोलादांत उतरविण्याचें काम फिलिप ग्रांझां याच्याकडे आलें, आणि या ठसेकारानें २३०४ घरांचा यथायोग्य आदर राखून शेवटीं भरंवसा ठेवला तो स्वतःच्या डोळ्यावर. १७०२ मध्यें राजाच्या पदकांचा भव्य ग्रंथ त्या अक्षरांत छापून निघाला, तो देखणा झाला याचें श्रेय आम्ही जाळ्याइतकेंच ग्रांझांच्या अवज्ञेस देतों.

हाताचें हें राज्य मोडलें तें यंत्रानें. आकृति लहानमोठी करून उतरविणारा पॅन्टोग्राफ क्रिस्टोफ शायनर या जर्मन पाद्र्यानें १६०३ च्या सुमारास योजिला होता. १८३४ मध्यें अमेरिकेंत लेव्हनवर्थ यानें तो जाहिरातींच्या लांकडी अक्षरांस लावला, आणि मिलवॉकीच्या लिन बॉइड बेंटन यानें १८८५ मध्यें पेटंट घेतलेल्या यंत्रानें ठसाच त्या पद्धतीनें कोरतां येऊं लागला. एका नमुन्यावरून हवे तितके आकार! तथापि बेंटन हा जुन्या धंद्यांत मुरलेला मनुष्य असल्यामुळें आकाराप्रमाणें प्रमाणांत फरक करण्याची तजवीज त्यानें ठेवली होती. यंत्र आलें तरी नियम अजून शाबूत होता.

तो विसरला गेला तो अक्षर धातूंतून निघून आंकड्यांत गेल्यावर. १९६३ मध्यें मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यालयांत आयव्हन सदरलंड यांनीं ‘स्केचपॅड’ नांवाची योजना सिद्ध केली. तींत प्रकाशलेखणीनें पडद्यावर काढलेली आकृति मोठी करतां व फिरवितां येई. यामागील गणित साधें आहे. कोणत्याही बिंदूचें स्थान दोन आंकड्यांनीं सांगतां येतें: डावीकडून किती आणि खालून किती. पहिल्या आंकड्यास दोनानें गुणलें कीं आकृति दुप्पट रुंद होते. दोहोंस गुणलें कीं सर्वांगांनीं वाढते. उंचीचा कांहीं अंश पहिल्या आंकड्यांत मिळविला कीं उभी रेघ कलते. दोहोंचें विशिष्ट प्रमाणांत मिश्रण केलें कीं आकृति फिरते. या साऱ्यास चार गुणक पुरतात, आणि आकृति उचलून दुसरीकडे ठेवण्यास आणखी दोन. १९८२ मध्यें वॉर्नॉक आणि गेश्की यांनीं अडोबी ही कंपनी काढली. तिच्या पोस्टस्क्रिप्ट भाषेनें प्रत्येक अक्षर वक्ररेषांनीं वर्णिलें आणि त्यावर या सहा आंकड्यांची सत्ता चालविली. १९८५ मध्यें ॲपलचें लेझर छपाईयंत्र आलें, आणि त्याच वर्षीं सिअ‍ॅटलच्या अल्डस कंपनीचें पेजमेकर. टेबलावरची छपाई ती हीच.

कंपनीनें नांव घेतलें तें व्हेनिसचा थोर मुद्रक आल्डस मानुशियस याचें. त्यानें १५०१ मध्यें व्हर्जिलचें काव्य ज्या तिरप्या अक्षरांत छापलें तीं फ्रांचेस्को ग्रिफो यानें त्या काळच्या विद्वानांच्या हस्ताक्षरावरून स्वतंत्र कोरलेलीं होतीं. त्याच आल्डसच्या नांवानें चाललेल्या पडद्यावर सरळ अक्षर नुसतें ढकलून तिरपें करणें हा कित्येक ठिकाणीं रोजचा परिपाठ झाला, यांतला विनोद कोणाच्या लक्षांत आल्याचें आमच्या ऐकण्यांत नाहीं.

आतां देवनागरीकडे वळूं, कारण या ओढाताणीचा मार तिला अधिक बसला आहे. मुंबईंत १८६९ मध्यें जावजी दादाजी यांनीं सुरू केलेल्या निर्णयसागर छापखान्याचे संस्कृत ग्रंथ ज्यांनीं हाताळले असतील त्यांस मूळ श्लोकाचा मोठा टंक आणि खालच्या टीकेचा बारीक टंक आठवेल. तो बारीक टंकही डोळ्यांस स्वच्छ लागतो. पुढें महाराष्ट्रांत पेजमेकर आणि पुण्याची श्रीलिपि यांच्या जोडीनें घरोघर पानें जुळूं लागलीं. मथळा दोन स्तंभांत मावेना. शब्द बदलण्यास वेळ नाहीं. तेव्हां अक्षराची रुंदी शेंकडा सत्तर करण्याची सोय होती, ती वापरली गेली. परिणाम काय होतो पाहा. समजा, काना दहा भाग जाड आहे आणि शिरोरेषा आठ भाग. रुंदी सत्तरावर आणली कीं काना सात होतो, पण आडवी शिरोरेषा आठाची आठच राहते. म्हणजे खांब किरकोळ झाले आणि तुळई तशीच राहिली. मथळा दिसतो तो वांशांवर तोललेल्या छपरासारखा.

हा दोष सौंदर्यापुरता असता तर आम्हीं एवढा कागद खर्च केला नसता. आपल्या लिपींत भ आणि म, ध आणि घ यांतील भेद शिरोरेषेंतल्या एका लहानशा फटीवर मोठ्या प्रमाणांत अवलंबून आहे. अक्षर चेपलें कीं ही फटही तितकीच चेपते. त्यांत तें अक्षर मोठ्या टंकासाठीं रेखाटलेलें असून बारीक छापलें, तर उरलेली फट शाई भरून काढते. प्रौढ वाचक संदर्भावरून ‘धन’ आणि ‘घन’ ओळखतो. जें मूल एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचत आहे त्यास तो संदर्भ कोठून येणार? मग मुलास वाचनाचा कंटाळा आहे असें ठरतें, आणि बिचाऱ्यास बोलणीं खावीं लागतात. देवनागरीस तिरप्या वळणाची आवश्यकताच काय, हा प्रश्नही विचारण्याजोगा आहे. जुन्या पोथ्यांत जेथें शब्द वेगळा दाखवावयाचा तेथें लेखक तांबडी शाई वापरीत. अक्षर वांकडें करीत नसत.

सर्वच क्रिया सारख्या दोषी नाहींत, हें न्यायबुद्धीनें सांगितलें पाहिजे. फिरविणें निरुपद्रवी आहे. त्यानें प्रमाण बिघडत नाहीं. सर्वांगांनीं वाढविणें क्षम्य, आणि छायाचित्राच्या बाबतींत तर उपकारकच. खरा अपराध एकाच दिशेनें ओढण्याचा. चौकाचौकांतल्या वाढदिवसाच्या फलकांवर सत्कारमूर्तींचे जे रुंद, पसरट चेहरे दिसतात, तेही याच ठिपक्याचे बळी होत.

उपाय निघाला आहे, आणि तो जुन्या ठसेकाराच्या वाटेनेंच गेलेला आहे. २०१६ मध्यें अडोबी, ॲपल, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट यांनीं मिळून परिवर्तनशील टंकांची पद्धति जाहीर केली. तींत रेखाटनकार टोकाचीं रूपें, अगदीं अरुंद आणि अगदीं रुंद, आपल्या डोळ्यानें स्वतंत्र रेखाटतो. मधलीं रूपें संगणक त्यांच्या दरम्यान हिशेबानें काढतो. अरुंद अक्षराचा काना किती जाड असावा आणि शिरोरेषेंत फट किती ठेवावी हें त्यामुळें पुन्हां माणसानें ठरवावयाचें असतें. मुंबईच्या एक टाइप या संस्थेनें २०२२ मध्यें ‘अनेक’ नांवाचा असा टंक प्रसिद्ध केला. त्यांत देवनागरीसह कित्येक भारतीय लिपि असून वजन आणि रुंदी या दोन्ही गोष्टी बदलतां येतात. तो विनामूल्य मिळतो. मथळा मावेनासा झाल्यास रचनाकारास आतां फक्त टंकाची रुंदी बदलावयाची आहे. चौकटीच्या बाजूचा तो ठिपका मात्र अजून तेथेंच, हाताशीं आहे.