खिळ्यात न मावलेली नस्तालीक

भिवंडीत निकाहाचं कार्ड हाती आलं, की उर्दू न येणाराही त्यावरच्या नावांकडे क्षणभर बघत राहतो. शब्द उजवीकडे उंचावर सुरू होतो आणि डावीकडे घसरत येऊन ओळीवर टेकतो. ही नस्तालीक. मूळ इराणची, मोगल दरबारातून इकडे रुळलेली. १८५७ नंतर उत्तरेतून जे मोमीन विणकर भिवंडी-मालेगावात आले, त्यांची उर्दू लिहिली जायची ती याच वळणात.

आता छापखान्याची अडचण बघा. शिशाचा खिळा चौकोनी, आणि हे अक्षर उतरतं तिरपं. शिवाय एकच ‘बे’ शेजारी कोण आहे ते बघून रूप बदलतो. चार्ल्स विल्किन्सनं कलकत्त्यात नस्तालीकचे खिळे पाडले, १७८१ साली त्यांत पुस्तकही निघालं. पण वाचकांनी काही ते खिळे आपलेसे केले नाहीत.

आपल्याकडे काय झालं? गणपत कृष्णाजींनी १८३१ साली पंचांग छापलं ते शिळाप्रेसवर. पुढे तेही खिळ्यांकडे वळले. कॅरीच्या १८१० च्या मराठी कोशात मोडीचे खिळे आहेत बरं का! तरी छापील मराठीनं बाळबोध धरली आणि आपलं धावतं वळण दफ्तरात ठेवून दिलं. उर्दूवाल्यांना हा सौदा पटला नाही. नस्खचे खिळे मिळत होते, पण त्यांत छापलेली उर्दू परकी वाटायची. कुणी याला हट्ट म्हणेल, मी रसिकता म्हणतो. मात्र त्या रसिकतेचा भार उचलला कातिबानं. दैनिकाचं पान न् पान तो हातानं लिही. आधी ते शिळेवर उतरे, नंतर ऑफसेटच्या प्लेटवर. चेन्नईचं ‘मुसलमान’ तर १९२७ पासून असंच निघत आलं.

१९८१ साली कोंडी फुटली. कराचीचे मिर्झा अहमद जमील यांनी सुट्या अक्षरांचा नाद सोडला आणि जोडलेले तुकडेच हातानं लिहिले, वीस हजारांच्या घरात! मोनोटाइपनं ते यंत्रात घातले. वडील नूर अहमद, म्हणून नाव ‘नूरी नस्तालीक’. लाहोरचा ‘जंग’ त्यात निघाला. १९९४ मध्ये दिल्लीचं ‘इनपेज’ आलं, डीटीपीच्या दुकानांत पोचलं, आणि कातिबाची रोजची रोजी हळूहळू सुटली. एका खुशनवीसाच्याच हातानं ही वेळ आणली, हे विसरू नका.

उरली शोभेची कामं: पुस्तकाचं नाव, दुकानाची पाटी, निकाहाचं कार्ड. तिथंही फॉन्ट आला, पण एक गोष्ट अडली. कार्डावर वर-वधूची नावं समोरासमोर असतात, एक लांब, एक आखूड. कातिब आखूड नावात एक लांब रेघ ओढी, तिला कशीदा म्हणतात, आणि दोन्ही नावं बरोबरीची करी. मूळ नूरीचे तुकडे ठरलेल्या मापाचे, त्यामुळे तिथं ती सोय नव्हती. पुढे कशीद्याचे फॉन्टही निघाले. पण कुठल्या अक्षरात ओढायची आणि किती, हे अजून कॉम्प्युटरवर बसलेल्या माणसानंच ठरवायचं असतं.