मारेगाव तालुक्यात फुकट काय मिळते आणि त्यासाठी काय मोजावे लागते

मारेगाव : मृग लागला की तालुक्यातल्या बहुतेक घरात रोख पैसा उरत नाही. कापूस विकून झालेला असतो, पीक कर्ज बियाण्या-खतात जाते आणि नवीन सोयाबीन दिवाळीच्या तोंडावरच घरात येते. मधल्या चार महिन्यांत किराणा दुकानाच्या वहीत उधारी चढत राहते आणि पहिल्या वेच्याचा पैसा तिथेच वळता होतो. ही उधारी कमी करायची तर विकत न आणताही काय मिळू शकते, हे घरात माहीत असले पाहिजे. काही गोष्टी सरकारी हक्काच्या आहेत, काही वावराच्या धुऱ्यावर उगवतात. मात्र फुकटातही खर्च लपलेला असतो. कुठे दिवस मोडतो, कुठे कागद लागतो, कुठे जिवाची जोखीम असते.

रेशन : एक रुपयाही द्यायचा नाही

अंत्योदय कार्डावर महिन्याला 35 किलो आणि प्राधान्य कुटुंबाला माणशी 5 किलो धान्य मिळते. 1 जानेवारी 2023 पासून हे धान्य पूर्ण मोफत आहे. जानेवारी 2024 पासून पुढे पाच वर्षांसाठी केंद्राने ही मुदत वाढवली. म्हणजे गहू-तांदळाचे पैसे, हमाली, गाडीभाडे असे काहीही दुकानात द्यायचे नसते. अंगठा लावल्यावर ई-पॉस मशीनमधून पावती निघते. ती मागून घ्यावी आणि त्यावर लिहिलेले किलो व पदरात पडलेले किलो जुळवून पहावे. ई-केवायसीलाही पैसे लागत नाहीत. कार्ड दुसऱ्या गावचे असले तरी धान्य इथल्या दुकानातून उचलता येते. कामासाठी बाहेर गेलेल्या मजुरांनी हे लक्षात ठेवावे. तक्रार 1967 या नंबरवर करता येते, फोन फुकट आहे.

पोडावरच्या कोलाम कुटुंबांसाठी वेगळी गोष्ट आहे. कोलाम ही आदिम जमात असल्याने ही कुटुंबे अंत्योदयला पात्र धरलेली आहेत. एखाद्या पोडावर कोणाचे कार्ड अजून प्राधान्यचे असेल, तर तहसीलच्या पुरवठा शाखेत अर्ज करून ते बदलून मागावे. दोन माणसांच्या घराला 10 किलो मिळते की 35, हा फरक लहान नाही.

केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांचा हक्क सगळ्यात जास्त राहून जातो. अमरावती विभाग, संभाजीनगर विभाग आणि वर्धा अशा 14 शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांतल्या केशरी कार्डधारक शेतकऱ्यांना आधी स्वस्त धान्य मिळायचे. 2023 पासून त्याऐवजी खात्यात पैसे येतात. सुरुवातीला माणशी महिन्याला 150 रुपये होते, 2024 ला ते 170 झाले. यवतमाळ जिल्हा यात आहे. पाच माणसांच्या घराचे महिन्याला 850 रुपये होतात. पैसे घरातल्या बाईच्या खात्यात जातात. तिचे खाते आधारला जोडलेले नसेल तर ते येत नाहीत. दुकानातून धान्य बंद झाले म्हणून कार्ड पेटीत टाकून दिलेल्या घरांनी एकदा बँकेचे पासबुक भरून आणावे.

धुऱ्यावरची भाजी

जून ते सप्टेंबर भाजी विकत आणायची गरज खरे तर पडू नये. पहिल्या पावसानंतर आठ-पंधरा दिवसांत तरोटा उगवतो. त्याची कोवळी पानेच खायची, फुलावर आल्यावर तो कडू लागतो. केना, चिवळ आणि पातूर डवऱ्याच्या फेऱ्यात निघतात. निंदणाऱ्या बाया त्या ओट्यात भरून घरी नेतात आणि वावरमालक त्याला कधी नाही म्हणत नाही. काटवल जंगलाच्या कडेला वेलावर लागतात. बाजारात त्यांना चांगला भाव असल्याने हल्ली ती घरात शिजण्याऐवजी विकलीच जास्त जातात, आणि त्यात चूक काही नाही. अंबाडीची चार झाडे धुऱ्यावर असली की पावसाळाभर भाजी होते, पुढे बोंडांची चटणी आणि शेवटी दोरीला वाख. परसात धोपा आणि शेवगा असला की पाहुणा आल्यावर धावपळ होत नाही. शेवग्याचा फाटा पावसाळ्यात नुसता रोवला तरी लागतो. कृषी विभाग दरवर्षी ऑगस्टमध्ये आदिवासी दिनाच्या सुमारास रानभाजी महोत्सव भरवतो. ओळख नसलेली भाजी तिथे जाणत्या बायांकडून समजून घेता येते.

यात धोका आता तणनाशकाचा आहे. पूर्वी धुरा विळ्याने साफ व्हायचा, आता पंपाने होतो. औषध मारलेल्या धुऱ्यावरची भाजी चार दिवस हिरवीच दिसते. म्हणून दुसऱ्याच्या वावरातली भाजी विचारल्याशिवाय खुडू नये, आणि ज्याने फवारले त्याने शेजाऱ्याला सांगावे. जंगलातली छत्री ओळखणारा माणूस घरात नसेल तर ती खाऊच नये. विषारी छत्री शिजवल्याने बिनविषारी होत नाही. तरोट्यासारख्याच दिसणाऱ्या कसविंद्याच्या शेंगा लहान मुलांनी खाल्ल्या तर जिवावर बेतते. ढोरं चारायला जाणाऱ्या पोरांना हे झाड दाखवून ठेवावे.

जळतन

एक एकर कपाशीतून साधारण आठ ते बारा क्विंटल वाळलेली पऱ्हाटी निघते. एवढे जळतन लहान कुटुंबाला बरेच महिने पुरते. तुराटी त्याहून चांगली जळते, शिवाय कुडाला आणि कुंपणाला कामी पडते. उज्ज्वलाचा गॅस घरोघरी आला, तरी आंघोळीचे पाणी अजून चुलीवरच तापते.

पण पऱ्हाटीचा ढीग धुऱ्यावर रचून ठेवणे महागात पडते. झाडाला राहिलेल्या वाळक्या, किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून बसते आणि पुढच्या हंगामात त्याच वावरात निघते. 2017 ला या अळीने जिल्ह्यातली कपाशी खाल्ली, ते कोणी विसरलेले नाही. कपाशी डिसेंबर-जानेवारीत मोडावी, किडकी बोंडे तोडून जाळावी, पऱ्हाटी वावरापासून लांब घराजवळ आणावी आणि मे संपेपर्यंत जाळून टाकावी. पावसाळ्यासाठी साठा करायचा तर तो तुराटीचा करावा. एका बंडीच्या जळतनापायी फवारणीचे हजारो रुपये वाढू देण्यात अर्थ नाही.

अन्नपूर्णा योजनेत उज्ज्वलाच्या आणि लाडकी बहीणच्या पात्र घरांना वर्षाला तीन सिलिंडर मोफत आहेत. सिलिंडर घेताना आधी पैसे भरावे लागतात, ते नंतर खात्यात परत येतात. गॅस जोडणी बाईच्या नावावर हवी.

मोह, पळस आणि जंगलाचा हक्क

मार्च-एप्रिलात मोहफुले पडतात. वाळवून ठेवली तर ढोरांना चालतात, भाकरीत मिसळता येतात आणि विकताही येतात. मोहफुले गोळा करण्यावरचे, वाहतुकीवरचे आणि साठ्यावरचे निर्बंध राज्य सरकारने 2021 मध्ये उठवले. त्यामुळे फुले घरात आहेत म्हणून कोणी दम देत असेल तर घाबरू नये. दारू गाळणे मात्र आजही गुन्हा आहे. पळसाच्या पानांच्या पत्रावळी लग्नाच्या पंक्तीतून गेल्या, पण तेरवी, भंडारा अशा कामांना घरच्या बायांनी दोन दिवस आधी लावल्या तर प्लास्टिकच्या ताटांचा खर्च वाचतो. उष्ट्या पत्रावळी उकिरड्यात कुजतात, हा वरचा फायदा. शिंदीच्या पानांचा फडा वर्षभर अंगण झाडतो.

जंगलातून हे आणणे म्हणजे चोरी नव्हे. वनहक्क कायदा 2006 ने पिढ्यान्‌पिढ्या जंगलावर जगणाऱ्यांना मोह, तेंदू, डिंक, मध, बांबू अशा गौण वनउपजावर मालकी हक्क दिला आहे. तालुक्यातली अनेक गावे अनुसूचित क्षेत्रात आहेत, तिथे पेसा कायद्यानेही हा अधिकार ग्रामसभेकडे येतो. मात्र गावाचा सामूहिक दावा मंजूर होऊन कागद हातात असला तर बोलायला बळ येते. दावा केलेला नसेल तर ग्रामसभेत विषय घ्यावा. उभे झाड तोडणे या हक्कात बसत नाही.

आणि वाघ. राळेगाव-पांढरकवडा भागात अवनी वाघीण 2018 मध्ये मारली जाईपर्यंत डझनभर माणसे गेली. ते जंगल आपल्या तालुक्याला लागूनच आहे. मोह वेचायला लोक अंधारातच निघतात, कारण उशीर झाला की ढोरं आणि हरणं फुले खाऊन जातात. फुले थोडी कमी मिळाली तरी चालेल, पण उजाडल्यावर आणि चार-पाच जणांनी मिळूनच जावे. वाकून वेचणारा माणूस वाघाला जनावरासारखा दिसतो. झाडाखालचा पाला पेटवू नये. त्यातून अख्खे जंगल पेटते.

घरचे बियाणे, घरचे औषध

कपाशीचे बीटी बियाणे घरी धरता येत नाही, ते विकतच घ्यावे लागते. 2024 ला एका पाकिटाचा दर 864 रुपये होता. सोयाबीनचे तसे नाही. ते सरळ वाणाचे असल्याने घरचेच दाणे पेरता येतात आणि एकरी बॅगेचा पूर्ण पैसा वाचतो. शेजाऱ्याकडून अदलाबदल करून घेतले तरी चालते. 2001 च्या वाणसंरक्षण कायद्याने शेतकऱ्याला बियाणे राखायचा, वाटायचा आणि ब्रँडचे नाव न लावता विकायचाही हक्क दिला आहे.

उगवण मात्र तपासलीच पाहिजे. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळींत 100 दाणे मांडावे, वरून दुसरे ओले गोणपाट टाकून गुंडाळी करावी आणि सावलीत ठेवून रोज पाणी शिंपडावे. पाच-सहा दिवसांनी चांगले कोंब मोजावे. 70 किंवा जास्त निघाले तर एकरी 30 किलो पुरते. त्याहून कमी असतील तर दर टक्क्यामागे एकरी अर्धा किलो वाढवावे. 60 च्या खाली गेले तर ते बियाणे विकून टाकावे, पेरू नये. सोयाबीनचे टरफल फार नाजूक असते. पोते आपटले किंवा थप्पी उंच लावली तरी उगवण पडते.

कडुनिंबाच्या निंबोळ्या पावसाळ्याच्या सुरुवातीला झाडाखाली सडून जातात. त्या वाळवून ठेवाव्या. 5 किलो निंबोळी कुटून 9 लिटर पाण्यात रात्रभर भिजवावी. सकाळी फडक्याने गाळून त्यात एक लिटर पाण्यात विरघळवलेला 200 ग्रॅम साबणाचा चुरा टाकावा आणि एकूण पाणी 100 लिटर करावे. मावा-तुडतुड्यावर सुरुवातीला हा अर्क चालतो. बोंडात शिरलेल्या अळीवर चालत नाही, हेही खरे. पण पहिली एक-दोन फवारणी यावर निभावली तरी पैसा वाचतो आणि विषाशी गाठ तेवढी कमी पडते. 2017 च्या हंगामात जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20 च्या वर शेतकरी-शेतमजूर मेले. अर्काबद्दल किंवा रोगाबद्दल विचारायचे तर किसान कॉल सेंटरचा 1800-180-1551 हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात.

एसटी, दवाखाना, दाखले

75 वर्षांवरच्या माणसाला ऑगस्ट 2022 पासून राज्यात एसटी मोफत आहे. 65 ते 75 वयाच्यांना आणि मार्च 2023 पासून सगळ्या बायांना अर्धे तिकीट लागते. खेड्यातल्या मुलींना बारावीपर्यंत शाळेचा पास मोफत मिळतो; तो शाळेतून अर्ज करून घ्यावा.

प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ग्रामीण रुग्णालयात 15 ऑगस्ट 2023 पासून केसपेपर, तपासणी, भरती सगळे मोफत आहे. यवतमाळचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय वेगळ्या विभागाचे असल्याने हा नियम तिथे लागत नाही, म्हणून जाताना थोडे पैसे जवळ ठेवावे. साप चावला तर मांत्रिकाकडे किंवा खासगीत वेळ न घालवता 108 ला फोन करून सरकारी दवाखाना गाठावा. सापाचे औषध तिथे मोफत मिळते.

सातबारा मोबाईलवर पाहायला पैसे लागत नाहीत. डिजिटल सहीचा सातबारा 15 रुपयांत निघतो. जात, उत्पन्न, रहिवासी अशा दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे, तरी स्टॅम्प पेपर आणायला सांगणारे भेटतातच. अशा वेळी माफीचा नियम दाखवून साध्या कागदावर लिहून द्यावे आणि अर्जाची पोच घ्यावी.